दुखरा पाय, परका देश आणि भाड्याची गाडी

गेल्या सोमवारी दवाखान्यातली गर्दी ओसरत असताना एक निवृत्त मुख्याध्यापक लंगडत आत आले. ओट्याच्या पायरीवरून उजवा पाय मुरगळला होता. घोटा टम्म सुजलेला, त्यावर आंबेहळदीचा जाड लेप. मला वाटले, गोळी मागतील. त्यांनी प्रश्न वेगळाच विचारला. "डॉक्टर, पाच आठवड्यांनी मुलाकडे न्यूझीलंडला निघालोय. त्याला रजा नाही, म्हणून तिथे भाड्याची गाडी घेऊन एकटाच फिरणार आहे. पाय तोवर बरा होईल ना?"

आपल्या गावातून आता पुष्कळ आईवडील मुलाबाळांकडे परदेशी जातात आणि कित्येकजण तिथे हौसेने गाडीही चालवतात. गुरुजींना मी खुर्चीत बसवले आणि आधी माझी स्वतःची फजिती सांगितली. तीच आज वाचकांना सांगतो.

२०२३ च्या जूनमध्ये मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघे स्कॉटलंडमध्ये ग्लासगोला गेलो होतो. बाळंतीण आणि बाळ यांत सौभाग्यवती गुंतलेली. मी घरात अडगळ. म्हणून चार दिवस एकट्याने डोंगराळ भाग पाहून यायचे ठरवले आणि गाडी ठरवून टाकली. ब्रिटनमध्ये वाहने आपल्यासारखीच डावीकडून चालतात आणि पाहुण्याला आपल्याकडच्या लायसन्सवर १२ महिने गाडी चालवता येते. तरी आरटीओकडून मिळणारा, वर्षभर चालणारा आंतरराष्ट्रीय परवाना मी सोबत नेला होता. सगळे यथास्थित होते. निघायच्या सहा दिवस आधी पावसाने ओल्या झालेल्या दगडी जिन्यावर डावा पाय मुरगळला.

पाय मुरगळल्यावर हाड मोडले की नाही, हे ठरवण्याची एक सोपी पद्धत कॅनडातल्या ओटावा शहरातील डॉक्टरांनी १९९२ मध्ये मांडली. लगेच आणि नंतर डॉक्टरांपुढेही चार पावले टाकता आली नाहीत. किंवा घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांवर मागच्या कडेला, पावलाच्या बाहेरच्या कडेच्या मध्यावर, अथवा घोट्यापुढच्या आतल्या बाजूच्या हाडावर दाबून दुखले, तर एक्स-रे काढावा. मी चार पावले टाकू शकत होतो, हाडावर दुखत नव्हते. म्हणजे शिरा, आपण लचक म्हणतो ती. पहिले दोन दिवस टॉवेलात गुंडाळून बर्फ, दर वेळी १५-२० मिनिटे; क्रेप बँडेज; पाय उशीवर. चोळणे नाही, शेकणे नाही. (आपल्याकडे पहिल्याच दिवशी गरम तेलाने रगडायची जी घाई असते, तिने सूज वाढते. लेपाबद्दल माझी तक्रार नाही, रगडण्याबद्दल आहे.) मुलीकडे बर्फ नव्हता, गोठलेल्या मटारची पिशवी होती. तिने छान काम केले.

आता गाडीचे. डावा पाय क्लचवर असतो, उजवा ब्रेकवर. पुष्कळांना वाटते की उजवीकडून वाहने चालणाऱ्या देशांत स्टिअरिंग डावीकडे गेले, म्हणजे पायाखालचेही उलटे होत असेल. तसे नाही. कुठल्याही देशात उजवा पायच अॅक्सिलरेटर आणि ब्रेक सांभाळतो. म्हणून डावा पाय दुखावला असेल तर आपोआप गिअर बदलणारी, म्हणजे ऑटोमॅटिक गाडी घेऊन भागू शकते. उजवा दुखावला असेल तर गाडी चालवायची नाही, ऑटोमॅटिकही नाही. संकटात ब्रेक सावकाश दाबायचा नसतो, सगळा भार टाकून दाबायचा असतो. दुखरा पाय त्या क्षणी नकळत कचरतो, आणि तेवढ्यात गाडी कित्येक फूट पुढे गेलेली असते. उजव्या घोट्याच्या मोडलेल्या हाडाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा एक अमेरिकी अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. ब्रेक दाबण्याचा वेग पूर्ववत व्हायला त्यांना ९ आठवडे लागले. डाव्या पायाने ब्रेक दाबीन, असे काहीजण म्हणतात. त्या पायाला क्लचची सवय असते, तो ब्रेक मुळापर्यंत दाबून मोकळा होतो.

माझा डावा पाय होता. ठरवलेली गाडी बदलून, जादा पैसे भरून ऑटोमॅटिक घेतली आणि निघालो. इथवर मी शहाणा होतो.

ग्लासगोहून लॉक लोमंड या लांबलचक सरोवराच्या काठाने, ग्लेन्कोच्या खिंडीतून फोर्ट विल्यमला जाणारा रस्ता डोळ्यांचे पारणे फेडणारा आहे. साधारण पावणेदोनशे किलोमीटर. मी जागोजागी थांबून पाहायला हवे होते. पण गाडीतून उतरायचे म्हणजे पाय टेकायचा, कळ सोसायची. म्हणून काचेतूनच पाहिले आणि साडेतीन तास बूड हलवले नाही. लघवीला उतरावे लागू नये म्हणून पाणीही प्यायलो नाही! दुसऱ्या दिवशी ग्लेनफिनन इथला २१ कमानींचा रेल्वे पूल पाहायला गेलो, तोही बहुतेक गाडीत बसूनच.

तिसऱ्या दिवशी सकाळी डावी पोटरी दगडासारखी झाली होती. दाबली की दुखे. टेप नव्हती, तेव्हा मोबाईलच्या चार्जरची वायर दोन्ही पोटऱ्यांभोवती एकाच उंचीवर गुंडाळून पाहिली. डावी चांगली दोन बोटे जास्त भरली.

वाचकहो, पायातले रक्त वर हृदयाकडे चढते ते पोटरीच्या स्नायूंच्या जोरावर. आपण चालतो तेव्हा हे स्नायू आवळतात आणि खोल शिरांमधले रक्त वर ढकलतात. पाय लोंबता आणि निश्चल ठेवला की रक्त तिथेच साचते. त्यात दुखापत असली, पाणी कमी प्यायलेले असले, की ते शिरेत गोठू शकते. ही गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर एकाएकी धाप लागते, छातीत दुखते, माणूस दगावूही शकतो. विमान असो, मोटार असो वा एसटी, चार तासांहून अधिक बसून केलेल्या प्रवासाने हा धोका साधारण दुपटीने वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये सांगितले. धडधाकट माणसाच्या बाबतीत तो दुप्पट होऊनही सुमारे ६,००० त एक इतकाच राहतो. पण ज्याचा पाय दुखावलेला आहे, प्लास्टरमध्ये आहे, ज्याला पूर्वी गुठळी झाली आहे, ज्याला कर्करोग आहे किंवा जी बाई गरोदर अथवा ओली बाळंतीण आहे, त्यांचे गणित वेगळे.

हे सगळे मला पाठ होते. तरी पलंगावर बसून अर्धा तास मी स्वतःशी वाद घातला. लचकेचीच सूज असेल, उद्या पाहू, उगाच मुलीला घोर नको. रुग्ण अशी कारणे सांगतात तेव्हा मी त्यांच्यावर डाफरतो. सोबत बायको असती तर पाच मिनिटांत दवाखान्यात नेले असते. एकटे असण्यातला खरा धोका हा आहे. पाय पाहून "चला" म्हणणारे कोणी नसते.

अखेर घरमालकीणबाईंना सांगितले. त्यांनी आपल्या गाडीतून गावातल्या छोट्या इस्पितळात नेले. तिथल्या तरुण डॉक्टरणीने टेपने पोटरी मोजली, प्रश्न विचारून गुण मांडले, रक्त तपासले. रक्ताच्या तपासणीने संशय वाढला. सोनोग्राफी दुसऱ्या दिवशी इन्व्हर्नेसला होणार होती. तोवर धोका नको म्हणून पोटात रक्त पातळ करण्याचे इंजेक्शन दिले आणि बजावले, गाडी चालवायची नाही. मग बसने गेलो. लॉक नेस हे ज्यातल्या राक्षसाची जगभर चर्चा असते ते सरोवर मी बसच्या खिडकीतून पाहिले. राक्षस दिसला नाही, आणि माझे लक्षही नव्हते.

गुठळी निघाली नाही. आठवड्याने ग्लासगोला पुन्हा सोनोग्राफी झाली, तीही स्वच्छ. पाय मुरगळला तेव्हाच पोटरीचा स्नायूही ताणला गेला होता आणि दोन दिवसांच्या बैठकीने सूज चढली होती. फोर्ट विल्यमला उभी असलेली गाडी आणायला जावई आगगाडीने आले. पण करारात चालक म्हणून माझेच नाव! दुसऱ्याने चालवली तर विमा लागू होत नाही. त्यांचे नाव घालण्यासाठी निम्मा दिवस फोनाफोनी झाली. तेवढे सुरुवातीलाच करून ठेवावे. ब्रिटनमध्ये अपघात विभागातली तपासणी परक्या माणसालाही फुकट असते, पण दाखल व्हावे लागले तर पाहुण्याला बिल भरावे लागते. माझा प्रवासविमा होता, पण कंपनीला आधी फोन करायचा असतो हे मी नंतर वाचले.

अशा पायाने जायचेच असेल तर तासा-दीड तासाने गाडी थांबवावी, उतरावे, दुखले तरी दहा-वीस पावले टाकावीत. गाडीत बसताना आधी पाठ करून बसावे, मग दोन्ही पाय एकदम आत घ्यावेत. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरतात. दहातले नऊजण चुकीच्या हातात धरतात. राहण्याची खोली तळमजल्यावरची मागावी, तिकडच्या जुन्या घरांत लिफ्ट नसते. दुखण्यावर ट्रामाडॉल, कोडीनसारख्या गोळ्या घेऊन गाडी चालवू नये, गुंगी येते. काही देशांत, विशेषतः आखाती देशांत, त्या परवानगीवाचून नेणे हा गुन्हा ठरतो. वाटेत विमान बदलणाऱ्यांनीही चिठ्ठी जवळ ठेवावी. गुठळी होऊ नये म्हणून अॅस्पिरिन आपल्या मनाने घेऊ नये. कोणाला इंजेक्शन लागेल, कोणाला घट्ट मोजे पुरतील, हे डॉक्टरांना ठरवू द्यावे.

गुरुजींनी सगळे शांतपणे ऐकले. मग मी त्यांना उठून चार पावले टाकायला सांगितली. दोन टाकली आणि टेबल धरले. एक्स-रेत बाहेरच्या बाजूच्या हाडाला तडा दिसला. प्लास्टर घातले.

"पाच आठवड्यांनी प्लास्टर निघाले नसेल तर?" त्यांनी विचारले. प्लास्टर नवे असताना आत पाय सुजतो, म्हणून लांबच्या विमानप्रवासाआधी किमान ४८ तास जाऊ देतात. पाच आठवड्यांनी ती अडचण नाही. विमान कंपनीला दोन दिवस आधी तरी कळवले की विमानतळावर चाकाची खुर्ची मिळते, तिचे पैसे पडत नाहीत. न्यूझीलंडमध्ये पाहुण्याला तिथे अपघात झाला तर उपचारांना सरकारी योजनेचा आधार मिळतो. इथून नेलेल्या दुखण्याला मिळत नाही. म्हणून विमा घेताना हा तडा अर्जात लिहायचा, लपवायचा नाही. आणि प्रवासाआधी गुठळीच्या औषधाचे ठरवायला माझ्याकडे यायचे.

"आणि गाडी?"

"उजवा पाय आहे, गुरुजी."

ते थोडा वेळ प्लास्टरकडे पाहत राहिले. मग खिशातून मोबाईल काढून त्यांनी तिथूनच मुलाला फोन लावला आणि वर्गात बोलावे तशा आवाजात विचारले, "तुझ्या रजेचे काय म्हणालास?"