लॉकडाऊनमध्ये शहरांची हवा का सुधारली?

मित्रांनो, मार्च 2020 आठवतोय का? 22 तारखेला जनता कर्फ्यू झाला आणि 25 मार्चपासून देशभर लॉकडाऊन लागला. आपल्या आंबेनळी घाटातून महाबळेश्वरला जाणाऱ्या गाड्या थांबल्या. मुंबईत कामाला असलेली आपली माणसं मिळेल त्या वाटेने गावाकडे निघाली. त्याच दिवसांत मुंबई-पुण्याचं आकाश मात्र स्वच्छ दिसू लागलं. असं का झालं? चला, समजून घेऊया.

1) नायट्रोजनचे ऑक्साइड

इंजिनात इंधन जळताना प्रचंड उष्णता तयार होते. त्या उष्णतेत हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन हे वायू बनतात. ते हवेत फार टिकत नाहीत, काही तासांतच त्यांचं रूपांतर होतं. म्हणून गाड्या थांबल्या की प्रमाण लगेच घटतं. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेच्या ‘सफर’ यंत्रणेने मार्चअखेर सांगितलेली घट पुण्यात 43 टक्के, तर मुंबईत 38 टक्के होती.

2) सूक्ष्म कण

पीएम 2.5 म्हणजे 2.5 मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान कण. आपला केस याच्या वीस-तीस पट जाड असतो! हे कण श्वासाबरोबर फुप्फुसात खोलवर जातात. पुण्यात ते 15 टक्क्यांनीच घटले. कारण ते फक्त गाड्यांतून येत नाहीत. चूल, जळणारा कचरा, धूळ, कारखाने असे त्यांचे अनेक उगम आहेत. शिवाय ते कित्येक दिवस हवेत तरंगतात. आपल्याकडेच बघा ना, एसटी बंद होती, पण चुली पेटतच होत्या, शेतात राब भाजले जातच होते.

3) ओझोन

काही शहरांत जमिनीलगतचा ओझोन चक्क वाढला! गाड्यांच्या धुरातला नायट्रिक ऑक्साइड ओझोनला संपवतो. तोच कमी झाल्याने ओझोन शिल्लक राहिला.

मग लॉकडाऊन हा प्रदूषणावरचा उपाय आहे का?

माझ्या वर्गातल्या एका मुलाचे बाबा मुंबईत टेम्पो चालवायचे. बाबा घरी आले म्हणून तो खूश होता, पण घरात पैसा यायचा बंद झाला होता. मुंबईची हवा सुधारली ती अशा कितीतरी बाबांच्या गाड्या उभ्या राहिल्या म्हणून. पुढे निर्बंध उठले, गाड्या सुरू झाल्या आणि धूरही परत आला.

म्हणजे उपाय असा हवा, की बाबांचा टेम्पो चालू राहील आणि धूर कमी होईल. भरपूर बस आणि लोकल, विजेवरच्या गाड्या, कचरा न जाळणं, घरोघरी गॅस, हे सगळं त्यासाठीच.

करून पाहा: तीन पांढऱ्या कार्डांना व्हॅसलीन लावा. एक चुलीजवळ, एक रस्त्याकडच्या कुंपणाला आणि एक परसात टांगा. दोन दिवसांनी भिंगातून पाहा. दिसतील ते मोठे कण, पीएम 2.5 भिंगातूनही दिसत नाहीत. सर्वांत काळं कार्ड कोणतं? कारण वहीत लिहा.