खुर्चीच्या डाव्या बाजूला

कोल्हापूरला माझा स्वतःचा दवाखाना होता, तेव्हा मी कायम पेशंटच्या उजवीकडे बसायचे. इथे कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटच्या क्लिनिकमध्ये, माझं स्टूल डावीकडे असतं. डॉक्टरांच्या स्टुलापेक्षा चार-सहा इंच उंच, म्हणजे तोंडात नीट दिसावं. हातात मात्र ड्रिल नाही, सक्शन.

आपल्या बीडीएसवर इथे थेट प्रॅक्टिस करता येत नाही. आधी आयएनबीडीई परीक्षा, मग बहुतेकांना इथल्या डेंटल कॉलेजात पुन्हा दोन-तीन वर्षं, आणि फी बऱ्याच ठिकाणी लाख डॉलरच्या वर. मुलगी लहान, नवऱ्याची नोकरी नवी. म्हटलं, वर्क परमिट आलंय तर आधी असिस्टंट होऊ. तर एक्स-रे काढायलाही रेडिएशन सेफ्टीचा कोर्स करावा लागला. तिकडे रोज एक्स-रे काढत होते मी!

पहिल्याच आठवड्यात डॉक्टर म्हणाले, "नंबर एकोणीस." मी गप्प. आपल्या पद्धतीत एकोणीस नंबरचा दातच नसतो हो! इथे वरच्या उजव्या अक्कलदाढेपासून सरळ एक ते बत्तीस मोजतात. त्यांची एकोणीस म्हणजे आपली छत्तीस, खालची डावी पहिली मोठी दाढ.

नंबर महिन्याभरात पाठ झाले. गप्प बसणं अजून जमत नाही. एक्स-रे स्क्रीनवर आला की मला सगळं दिसतं, पण निदान सांगायचा अधिकार मला नाही.

मागच्या उन्हाळ्यात मुलाकडे आलेल्या साताऱ्याच्या एक काकू दाढ काढायला आल्या. फॉर्म मुलाने भरलेला. औषधांच्या रकान्यात फक्त बीपीची गोळी. मी सहज विचारलं, "काकू, सकाळी काय काय घेता?" त्यांनी पर्समधून डबी काढली. त्यात क्लोपिडोग्रेल, रक्त पातळ ठेवणारी गोळी.

"ही कशाची?"

"अगं, दोन वर्षांपूर्वी स्टेंट घातला ना, तेव्हापासूनची. त्याचा दाताशी काय संबंध?"

मी डॉक्टरांना डबी दाखवली. त्यांनी काकूंच्या हार्टच्या डॉक्टरांशी बोलून मगच पुढची तारीख दिली. गोळी बंद केली नाही. स्टेंटवाल्यांनी ती परस्पर सोडणं जास्त धोक्याचं. दाढ काढल्यावर खड्ड्यात जिलेटिनचा स्पंज भरला, टाके घातले, आणि मी अर्धा तास गॉज दाबून बसवलं. रक्त थांबलं.

तेवढ्या वेळात काकूंनी खुणेनंच विचारलं, तू डॉक्टर का? मी म्हटलं, "तिकडची, हो."

त्या रात्री परीक्षेची पुस्तकं कपाटातून खाली काढली. अजून टेबलावरच आहेत. खरं सांगायचं तर दोनच धडे झालेत.

आठवड्याने काकू टाके दाखवायला आल्या. जाताना म्हणाल्या, "साताऱ्याला कधी येणारेस? आमच्या ह्यांची कवळी करायची राहिलीय."