मेघालयाच्या पाताळवाटा

अजिंठा, वेरूळ आणि घारापुरी यांच्या सान्निध्यात वाढलेल्या मराठी माणसाला गुहा म्हटली की छिन्नीने कोरलेली लेणीच आठवावीत, हे स्वाभाविक आहे. कारण सह्याद्रीचा काळा पाषाण लाव्हारसाच्या थरांनी घडलेला असून पाण्यात सहजासहजी विरघळणारा नाही, आणि त्याच्या पोटात प्रशस्त दालन हवे असेल तर ते बहुधा मनुष्यालाच खोदावे लागते. केवळ पाण्याने कोरलेली मैलोगणती दालने ज्याला पाहावयाची असतील, त्याने चुनखडकाच्या मुलुखाची वाट धरावी. आणि आपल्या देशात या दृष्टीने मेघालयाइतका समृद्ध प्रदेश दुसरा नाही.

खासी, जैंतिया आणि गारो टेकड्यांच्या दक्षिण अंगाला चुनखडकाचा पट्टा पसरलेला आहे, आणि बंगालच्या उपसागरावरून येणारे मेघ नेमके तेथेच अडून रिते होतात. चेरापुंजी, म्हणजे खासी लोकांचे सोहरा, येथे १८६० च्या ऑगस्टपासून पुढील बारा महिन्यांत २६,४६१ मिलिमीटर पाऊस पडल्याची नोंद आहे. हवेतून आणि त्याहूनही अधिक मातीतून झिरपताना या पाण्यात कार्बन डायऑक्साइड मिसळतो, पाणी किंचित आम्लधर्मी होते आणि खडकाच्या भेगांत शिरून चुना विरघळवू लागते; लक्षावधी वर्षांच्या या अखंड व्यापारातून भेगांची विवरे आणि विवरांची भुयारे होतात. पुढे तेच पाणी गुहेच्या छतातून ठिबकताना आपल्यातला वायू सोडून देते, चुन्याचा कण मागे ठेवते, आणि त्यातून छतावरून उतरणारे अधोमुखी व जमिनीतून उठणारे ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ आकार घेतात.

या गुहांपैकी दिव्यांनी उजळलेली मावस्माई गुहा कुटुंबासह पाहता येते. परंतु मावम्लुहसारख्या, सात किलोमीटरांहून लांब आणि अंधाऱ्या गुहेत जाणाऱ्याने वाटाड्याशिवाय एक पाऊलही टाकू नये. येथील जमिनीवर गावाचा वा खासगी मालकाचा हक्क असतो, म्हणून प्रथम गावाच्या दरबाराची, म्हणजे ग्रामसभेची, वा मालकाची परवानगी घ्यावी लागते. ऋतूही पाळावा लागतो. नोव्हेंबर ते मार्च हे कोरडे महिने गुहेत जाण्यास योग्य, कारण पावसाळ्यात दूरवर कोसळलेल्या सरीचे पाणी भुयारात कोणत्या घटकेला चढेल याचा भरवसा नसतो. डोक्यावर शिरस्त्राण, त्यावर दिवा, जवळ जादा दिवे, पायांत पाण्यात न घसरणारे बूट आणि परतण्याची वेळ बाहेर कोणास तरी कळवून ठेवणे, हा तेथील शिरस्ता आहे.

आत शिरताच प्रकाशाची हद्द संपते आणि शरीराला नवे व्यवहार शिकावे लागतात: कोठे कमरेइतक्या थंड पाण्यातून चालावे लागते, कोठे पोटावर सरपटत अरुंद फटीतून पुढे सरकावे लागते, आणि अशा वाटेनंतर छत एकाएकी उंच होऊन विशाल दालन समोर उभे राहते. वाटाड्याचे खरे कसब येथे दिसते. पाण्याचा नाद बदलला तर त्याचा अर्थ काय, कोणता दगड पाय ठेवण्याजोगा आहे, परतीची खूण म्हणून कोणता स्तंभ ध्यानात ठेवावा, हे तो चालता चालता सांगतो. आणि स्तंभांना हात लावू नका, ही त्याची आज्ञा सर्वांत कडक असते, कारण बोटाचे तेल लागले की त्या जागी चुन्याचा नवा थर धरणे बिघडते आणि मोडलेला स्तंभ मनुष्याच्या आयुष्यात पुन्हा वाढत नाही.

या स्तंभांचे मोल सौंदर्यापुरते नाही. मावम्लुहमधील एका ऊर्ध्वमुखी स्तंभाच्या थरांत प्राचीन पर्जन्याचे दप्तरच जतन झाले होते. युरेनियम व थोरियम यांच्या प्रमाणावरून थरांचे वय आणि ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून मोसमी पावसाचे बळ ताडता येते; त्यावरून सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी पाऊस मोठ्या प्रमाणावर ओसरल्याचे दिसले. २०१८ मध्ये भूशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघाने त्या क्षणापासून आजवरच्या कालखंडाला ‘मेघालयीन’ हे नाव दिले. आपण सारे ज्या भूवैज्ञानिक काळात जगत आहोत, त्याची मोजणी अशा रीतीने एका खासी गावाजवळच्या गुहेपासून सुरू होते.

या भूगर्भाचा शोध जुना आहे. गारो टेकड्यांतील सिजू गुहेतील जीवसृष्टीचा अभ्यास केम्प आणि चोप्रा या प्राणिशास्त्रज्ञांनी १९२२ मध्येच केला होता. १९९२ पासून मेघालय ॲडव्हेंचरर्स असोसिएशनच्या पुढाकाराने देशी-विदेशी शोधकांनी हिवाळ्यामागून हिवाळे फीत आणि होकायंत्र घेऊन भुयारे मोजली आणि शेकडो गुहांचे नकाशे सिद्ध केले. त्यांत तीस किलोमीटरांहून लांब अशी लियाट प्राह ही चुनखडकाची गुहा आहे, आणि २०१८ मध्ये जगातील सर्वांत लांब वालुकाश्म गुहा म्हणून प्रसिद्धीस आलेली, सुमारे साडेचोवीस किलोमीटरांची पुरी गुहाही आहे. जैंतिया टेकड्यांतील उमलादाव गुहेत तर २०१९ मध्ये, भूमिगत माशांपैकी ज्ञात असलेला सर्वांत मोठा, फिकट वर्णाचा, दृष्टिहीन मासा आढळला.

परंतु ज्या खडकात हे सारे आहे, त्याच खडकापासून सिमेंट होते, आणि खाणीच्या सुरुंगाने फुटलेली गुहा कोणत्याही हुकुमाने पूर्ववत होत नाही. कायद्याचा अंमल आवश्यक आहेच. मात्र गावाला ती गुहा अखंड राखण्यात प्रत्यक्ष हित दिसेल, तरच तिचे रक्षण टिकेल. म्हणून तेथे जाणाऱ्या प्रवाशाने गावातलाच वाटाड्या घ्यावा, त्याचा मोबदला घासाघीस न करता द्यावा आणि त्याची प्रत्येक सूचना शिरोधार्य मानावी. अशा रीतीने दहा घरांची चूल गुहेवर पेटू लागली, की खाणीचा करार गावापुढे येईल त्या दिवशी दरबारात गुहेच्या बाजूने बोलणारी दहा माणसे असतील.