टाकाऊ लांकडाची पेटी : सुतारकामाचा पहिला धडा



सुतारकाम शिकावें असें ज्याच्या मनांत येतें, तो मनुष्य बहुधा आरंभींच टेबल किंवा पलंग करावयास घेतो. सागवानाच्या महाग फळ्या आणल्या जातात, नवीं हत्यारें घेतलीं जातात. आणि एखादा पाय आंखूड पडला कीं उत्साह संपून सारें काम कोपऱ्यांत पडून राहतें. याला उपाय अधिक हत्यारें हा नव्हे. कामाचा क्रम बदलला पाहिजे. वखारींत, कारखान्यांत व मालाच्या खोक्यांतून जे तुकडे जळणांत जातात, त्यांच्याच लहान लहान पेट्या करीत जाणें हा या विद्येचा खरा श्रीगणेशा होय, हें आज मला सांगावयाचें आहे.

लहान वस्तूपासून आरंभ करण्याची ही कल्पना नवी नाहीं. फिनलंडमध्यें उनो सिग्नेउस याच्या प्रयत्नानें 1866 सालीं हस्तव्यवसायाला प्राथमिक शाळेंत स्थान मिळालें. पुढें स्वीडनमध्यें नेस येथें ओटो सालोमन यानें शिक्षकांसाठीं लांकूडकामाचा असा क्रम आंखला कीं, सोप्या वस्तूवरून कठीण वस्तूकडे पायरीपायरीनें जातां यावें. आपल्याकडे ऑक्टोबर 1937 मध्यें वर्धा येथील परिषदेंत, शिक्षण एखाद्या हस्तोद्योगाच्या द्वारें द्यावें, हा विचार गांधीजींनीं मांडला. आणि त्यानंतर झाकीर हुसेन समितीनें सुचविलेल्या उद्योगांत सुतकताईबरोबर सुतारकामही होतें.

आतां पेटीच कां? माप घेणें, रेघेवर कापणें, रंधणें, काटकोन साधणें व सांधा बसविणें हीं सुतारकामाचीं सारीं मूळ अंगें एवढ्याशा वस्तूंत येतात. शिवाय पेटी चूक लपवीत नाहीं. कोपऱ्यांत फट पडली कीं ती तत्काळ दिसते. आणि पेटी अगदींच बिघडली, तर जळणाचें लांकूड पुन्हां जळणांत जातें; यापलीकडे तोटा नाहीं.

तुकडे निवडतांना मात्र थोडा विवेक हवा. जुन्या लांकडांतील खिळे आधीं काढावे, नाहींतर रंध्याचें पातें जाईल. परदेशी मालाबरोबर येणाऱ्या खोक्यांवर व पाटांवर शिक्का असतो. त्यावर 'एच. टी.' हीं अक्षरें असल्यास तें लांकूड उष्णतेनें निर्जंतुक केलेलें असतें, 'एम. बी.' असल्यास त्यावर मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूचा प्रयोग झालेला असतो. तें लांकूड घेऊं नये. सागवानाचे तुकडे मिळाले तर उत्तमच. परंतु त्यांत वाळूच्या जातीचें सिलिका असल्यानें धार लवकर बोथट होते, आणि लांकडाच्या तेलकटपणामुळें सरस नीट धरत नाहीं. म्हणून सरस लावण्याच्या अगोदर पृष्ठभाग ताजा रंधून घ्यावा.

पहिली पेटी आठ इंच लांब, पांच इंच रुंद व तीन इंच उंच असावी, आणि फळी चार सूत, म्हणजे अर्धा इंच जाड. लांब बाजू आठ इंचांच्या व त्यांच्या मध्यें बसणाऱ्या आंखूड बाजू चार इंचांच्या कापाव्या, म्हणजे दोहों अंगांच्या फळ्यांची जाडी मिळून रुंदी पांच इंच भरते. करवत रेघेवरून न चालवितां रेघेबाहेरच्या टाकाऊ अंगानें चालवावी, कारण करवतही थोडें लांकूड खाते. समोरासमोरच्या बाजू शेजारीं उभ्या करून ताडून पहाव्या. त्या ठरलेल्या मापाहून किंचित् कमी भरल्या तरी चालेल. एकमेकींशीं मात्र जुळल्याच पाहिजेत. मग चौकट नुसती जुळवून दोन्ही कर्ण मोजावे. ते सारखे भरले कीं कोपरे काटकोनांत आहेत असें समजावें. फळीच्या टोकाजवळ खिळा मारल्यास लांकूड फाटतें. तेथें आधीं गिरमिटानें बारीक भोंक पाडावें.

ही पेटी टिकाऊ होणार नाहीं. फळीच्या टोकाशीं तंतूंचीं तोंडें उघडीं असतात, तीं सरस शोषून घेतात आणि सांधा कच्चा राहतो. म्हणून दुसऱ्या पेटींत लांब बाजूंच्या टोकांशीं आंतून दोन सूत खोलीची खांच घेऊन तींत आंखूड बाजू बसवावी. आतां तिची लांबी किती हवी, हें गणित शिकणारानें स्वतः करावें. उत्तर साडेचार इंच येईल.

तिसऱ्या पेटीला सरकतें झाकण करावें. त्याला बिजागरीची गरज नाहीं. बाजूंना आंतून घेतलेली सरळ खांच पुरते. गंजिफा ठेवण्यासाठीं अशाच पेट्या करीत. या पेटींत लांकडाचा स्वभावही कळतो. ओलें लांकूड पूर्ण वाळलें म्हणजे तंतूंच्या लांबींत तें शंभरांत एकाच्याही बऱ्याच आंत आटतें. पण तंतूंच्या आडव्या दिशेनें सागवान शेंकडा सुमारें अडीच ते सहापर्यंत आटतो. वाळल्यावरही पावसाळ्यांत लांकूड थोडें फुगतें व उन्हाळ्यांत आटतें. म्हणून तळाची फळी खांचेंत सैल बसवावी, तिला सरस लावूं नये. ती जखडून टाकली, तर एक दिवस तळ तडकेल किंवा कोपरा उकलेल.

चौथ्या पेटीला पारव्याच्या पसरलेल्या शेपटीसारखे दांते कापून कोपरे एकमेकांत गुंतवावे. येथें पुस्तक अपुरें पडतें. जवळच्या सुताराकडे जावें, त्याची पटाशी कशी चालते तें पहावें, आणि आपली पेटी त्याच्यापुढें ठेवून दोष विचारावे.

याला मीं शेवटीं स्थान दिलें असलें, तरी महत्त्व त्याचेंच अधिक आहे. सुतार हा आपल्या गांवगाड्यांतला बलुतेदार. नांगर व बैलगाडी त्याच्या विद्येवर चालत. तरीही पुस्तकें शिकलेल्या वर्गानें त्या विद्येला विद्या म्हणण्याचें बहुधा टाळलें. ज्यानें चार पेट्या स्वतः केल्या, त्याला सुताराच्या एका सरळ कापामागें किती वर्षें आहेत तें समजतें, आणि मग मजुरीची घासाघीस करावयास त्याची जीभ सहसा धजत नाहीं.

प्रत्येक पेटीच्या तळाशीं तारीख लिहून ठेवावी आणि पहिली पेटी टाकूं नये. पांचवी झाली म्हणजे दोन्ही शेजारीं ठेवाव्या. आपण काय शिकलों, हें त्या दोन पेट्याच सांगतील.