जुनी गाडी घेताय? आधी वय विचारा, मग काटा पाहा



बैलाच्या बाजारात गेलेला आपला माणूस आधी बैलाचे तोंड उघडून दात पाहतो. आदत आहे, दुसा आहे, चौसा आहे की जुळलेला आहे, हे पाहिल्याशिवाय तो किमतीचा शब्द काढीत नाही. नंतर खांदा पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून पाहतो. हाच माणूस जुनी मोटारगाडी घ्यायला निघाला की रंग पाहून भुलतो आणि बैलाच्या दसपट-वीसपट रक्कम मोजून मोकळा होतो. कृषी विस्ताराच्या कामानिमित्त वैभववाडी तालुक्यातील गावोगाव फिरताना हे मला वारंवार दिसते, म्हणून आज पिकावर न लिहिता गाडीवर लिहीत आहे. काजूच्या बियांचे किंवा गगनबावड्याच्या कारखान्याला गेलेल्या उसाचे पैसे हाती आले की घरात गाडीचा विषय निघतोच. आजारी माणसाला रात्री कणकवलीला न्यायचे किंवा करूळचा घाट चढून कोल्हापूर गाठायचे, तर घरची गाडी ही आता चैन राहिलेली नाही.

जुन्या गाडीची किंमत मुख्यत्वे दोन गोष्टींवर ठरते, वय आणि चाल. चाल म्हणजे ती किती किलोमीटर धावली ते. (लिटरला किती किलोमीटर देते, ते अ‍ॅव्हरेज निराळे.)

आधी वयाचे पाहू. वाहन विम्यात गाडीची किंमत वयाप्रमाणे किती उतरवायची, याचा एक ठरलेला तक्ता आहे. सहा महिन्यांपर्यंत शेकडा ५, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के घट धरतात. पाच वर्षांपुढे विमा कंपनी आणि मालक यांच्या संमतीने किंमत ठरते. समजा कंपनीच्या दरपत्रकात गाडी सहा लाखांची आहे. एक वर्षाच्या आतच तिच्यातले नव्वद हजार गेले आणि पाचव्या वर्षात ती तीन लाखांवर आली. बाजारभाव या तक्त्याच्या मागेपुढे होतो. खपाच्या गाडीला जास्त मिळतात, जिचे सुटे भाग मिळत नाहीत तिला कमी. पण बोलणी सुरू करायला हा तक्ता चांगला आधार आहे. गाडीच्या चालू विमापत्रावर ही किंमत छापलेलीच असते. ती पाहिल्याशिवाय आकडा बोलू नये.

आता या हिशेबाची दुसरी बाजू पाहा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर गाडी तपासणीला नेऊन पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते. त्याची फी एप्रिल २०२२ पासून मोटारीला पाच हजार रुपये झाली आणि २०२५ साली वीस वर्षांवरील मोटारींना ती दहा हजार करण्यात आली. पर्यावरण कर वेगळा. म्हणून ‘गाडी कितीला’ यापेक्षा ‘गाडी वर्षाला कितीला पडते’ हे विचारावे. पाच वर्षांची गाडी तीन लाखांना घेतली, तर नोंदणीची दहा वर्षे शिल्लक, म्हणजे वर्षाला तीस हजार पडले. बारा वर्षांची गाडी एक लाख वीस हजारांना घेतली, तर तीनच वर्षे शिल्लक, म्हणजे वर्षाला चाळीस हजार आणि शिवाय मिस्त्रीचे बिल. नूतनीकरण होऊन ती पुढेही चालेल, पण सडलेल्या पत्र्याची गाडी तपासणीत उभी करायची तर आधी किती खर्च येईल, तो धरूनच भाव करावा.

वय कागदावरचे पाहावे, विकणाऱ्याच्या तोंडचे नव्हे. आरसीवर गाडी कोणत्या महिन्यात आणि साली तयार झाली ते असते, नोंदणीची तारीख वेगळी असते. डिसेंबरात तयार झालेली गाडी पुढच्या मार्चमध्ये नोंदली गेली, तर विकणारा मार्चचे साल सांगतो. बाजार मात्र तयार झाल्याचे साल धरतो. टायरवरही चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन साल. ‘२३१९’ असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. टायर नव्यासारखा दिसला तरी सहा-सात वर्षांचे रबर घाटात भरवशाचे नसते.

वयापुढे कधीकधी कायदाही उभा राहतो. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. आपल्या कितीतरी चाकरमान्यांची घरे जिने चालवली, ती काळीपिवळी पद्मिनी याच नियमाने ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेली. शेवटची गाडी २९ ऑक्टोबर २००३ ची नोंदलेली होती. ती चालत नव्हती म्हणून नव्हे, तर वय भरले म्हणून गेली. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर आधी हरित लवादाने आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्बंध घातले. त्यानंतर तिकडच्या गाड्या स्वस्तात इतर राज्यांत विकल्या गेल्या. अशी गाडी घेताना तिकडची एन.ओ.सी., इकडची नवी नोंदणी आणि महाराष्ट्राचा कर हे सारे किमतीत मिळवून पाहावे. मग स्वस्ताई किती उरते ते कळते.

आता चाल. घरगुती गाडी वर्षाला साधारण दहा ते बारा हजार किलोमीटर चालते असे धरतात. काट्यावरच्या आकड्याला वयाने भागावे. सहा वर्षांची गाडी पासष्ट हजार चालली असेल तर रीतसर आहे. दीड लाख असेल तर ती भाड्याने किंवा रोजच्या लांब फेरीला लावलेली असावी, भाव त्या मानाने उतरला पाहिजे. आणि फक्त अठरा हजार असेल तर? इथे आपले लोक खूश होतात. मी मात्र इथेच थांबायला सांगतो.

एक म्हणजे काटा मागे फिरवता येतो. पूर्वीचा गिअरचा काटा फिरवीत असत, आताचा आकड्यांचा काटा यंत्र लावून बदलतात. तेव्हा काट्यापेक्षा गाडीला विचारावे. क्लच आणि ब्रेकच्या पायपट्टीचे रबर गुळगुळीत झाले आहे का, स्टिअरिंगची चकाकी कुठे उडाली आहे, ड्रायव्हरची गादी दबली आहे का? वीस हजार चाललेल्या गाडीचे पायरबर झिजत नाही. सर्व्हिसची बिले मागावीत, प्रत्येक बिलावर त्या दिवशीचा काटा लिहिलेला असतो. आकडे चढत गेलेले दिसले पाहिजेत.

दुसरे म्हणजे कमी चाललेली गाडी चांगलीच असते असे नाही. गणपतीपासून मे महिन्यापर्यंत ताडपत्रीखाली उभी असलेली गाडी मी पुष्कळ पाहिली आहे. तिची बॅटरी उतरते, ब्रेकच्या चकत्या गंजतात, टायर एका जागी दबतात आणि उंदीर वायरी खातात. इंजिनचे ऑइल नुसते उभे राहूनही जुने होते. उभा बैल जसा अंग धरतो, तसेच हे.

तिसरी गोष्ट ट्रॅक्टरवाल्या शेतकऱ्याला चटकन उमजेल. ट्रॅक्टरला किलोमीटर नव्हे, तास मोजतात. हाच हिशेब मोटारीला लावून पाहा. मुंबईच्या गर्दीत ताशी वीस किलोमीटरने साठ हजार चाललेल्या गाडीचे इंजिन तीन हजार तास फिरले. महामार्गावर ताशी पन्नासने तेवढेच अंतर चाललेल्या गाडीचे बाराशे तास भरले. काटा सारखाच, झीज अडीच पट. मुंबईच्या गाडीचा क्लच म्हणूनच आधी तपासावा. आमच्या भुईबावडा आणि करूळ घाटांतले किलोमीटरही सपाटीच्या किलोमीटरपेक्षा महाग असतात. उतारावर ब्रेक आणि चढावर क्लच खर्ची पडतो.

डिझेल गाडी घेणाऱ्याने आणखी एक ध्यानात ठेवावे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा नियम आला. तेव्हापासूनच्या डिझेल मोटारींच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी असते. ती साफ होण्यासाठी गाडी मधूनमधून लांब आणि वेगाने पळावी लागते. बाजार ते वाडी एवढ्याच फेऱ्या असतील तर गाळणी तुंबते आणि खर्च मोठा येतो. अशा घराला पेट्रोलची गाडी बरी.

आपल्या हवेचेही वजन भावात पडते. देवगड-मालवण किनाऱ्यावर राहिलेल्या गाडीला खारा वारा खातो आणि आमच्याकडे पावसाचे चार महिने चिखल पत्र्याला धरून बसतो. पायाखालची मॅट उचलून, दरवाज्याखालचा उंबरठा बोटाने ठोकून आणि डिकीतील स्टेपनी काढून तिच्याखालचा पत्रा पाहावा. इंजिन दुरुस्त होते, सडलेला सांगाडा होत नाही. पुरात बुडालेल्या गाडीचाही धोका आहे. २०१९ आणि २०२१ साली कोल्हापूर-सांगलीकडे आणि २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी भरले, तेव्हा कितीतरी गाड्या बुडाल्या. अशी गाडी रंगवून उजळ करता येते, पण गादीच्या रुळांतला गाळ, गादीच्या बोल्टवरचा गंज आणि काचा बंद ठेवल्यावर येणारा कुबट वास लपत नाही. शक्य तर पावसात पाहायला जावे, गळती आपोआप दिसते.

पिवळ्या पाटीच्या पिकअपचा हिशेब निराळा आहे. तिला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते, म्हणून आठ वर्षांनंतर तिचा भाव भरभर उतरतो. आंब्याच्या पेट्या वाहायला हंगामापुरती हवी असेल, तर विकत घेण्यापेक्षा भाड्याने परवडते का ते आधी कागदावर मांडावे.

नव्या गाडीचा भाव हलला की जुनीचाही हलतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, नव्या गाड्या उतरल्या. कोणी त्याआधीच्या किमतीवर जुनीचा हिशेब सांगू लागला, तर त्याला आजचे दरपत्रक दाखवावे.

शेवटी विकणाऱ्यांसाठी. नुसत्या स्टॅम्पवर लिहून गाडी देऊन टाकण्याची आपल्याकडे वाईट सवय आहे. आरसीवर नाव आपलेच राहिले आणि पुढच्याने अपघात केला, तर भरपाई नोंदणीतल्या मालकावर येते. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात हेच सांगितले, तिथे तर गाडी पुढे अनेक हात फिरली होती. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचे असते. त्यासाठी नमुना २९ आणि ३० आहेत. बँकेचे कर्ज फिटले असले तरी आरसीवरचा बोजा नमुना ३५ देऊन उतरवून घ्यावा लागतो, तोवर गाडी नावावर होत नाही. विमाही चौदा दिवसांत नव्या मालकाच्या नावे करायचा असतो. गाडीची चावी देण्यापूर्वी या कागदांवर सह्या झालेल्या असाव्यात, आणि प्रत्येकाची एक झेरॉक्स घरच्या सातबाराच्या फाइलीत ठेवावी.