चव्वेचाळीस दगडी सिंह

चीनमधल्या मोठ्या इस्पितळात पेशंट दाखल झाला की सिस्टर खाटेजवळ येऊन दहा गोष्टी पाहते. स्वतःच्या हाताने जेवता येतं का? आंघोळ, दाढी-वेणी, कपडे? शौचावर ताबा आहे का, लघवीवर? संडासात एकट्याने जाता येतं का? खाटेवरून खुर्चीत बसणं, सपाटीवर चालणं, जिना चढणं-उतरणं? प्रत्येकाला गुण द्यायचे आणि शंभरपैकी बेरीज करायची. चाळीस किंवा त्याखाली गुण आले तर माणूस जवळजवळ सर्वस्वी दुसऱ्यावर अवलंबून आहे असं धरतात. आजार किती गंभीर आहे ते आणि ही बेरीज मिळून शुश्रूषेची श्रेणी ठरते. अतिगंभीर पेशंटची विशेष श्रेणी सोडली तर पहिल्या श्रेणीत सिस्टरने दर तासाला फेरी मारायची, दुसरीत दोन तासांनी, तिसरीत तीन तासांनी. रात्री दोन वाजता कोणाच्या खाटेशी पावलं वाजणार, हे त्या दहा उत्तरांवर बरंचसं अवलंबून असतं.

ही मोजपट्टी मुळात चिनी नाही. माहोनी आणि बार्थेल यांनी ती १९६५ साली अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये मांडली आणि २०१३ साली चीनच्या राष्ट्रीय मानकात ती शुश्रूषेच्या श्रेणीसाठी आली. त्या मानकातली जेवणाची ओळ मला फार आवडते. अन्न भांड्यातून तोंडापर्यंत नेता येतं का, हे पाहताना चॉपस्टिक, चमचा किंवा काटा यांपैकी काहीही चालेल, असं तिथे लिहिलं आहे. किरकोळ वाटते ही गोष्ट. पण लकव्यातून सावरणाऱ्या हाताला दोन काड्यांत भाताचा घास धरणं वेगळं आणि चमचा उचलणं वेगळं. ती ओळ लिहिणाऱ्याने जेवणाऱ्याच्या हाताकडे नीट पाहिलं आहे.

आता समजा, आई खाटेवर टेकून बसली आहे आणि मुलगा तिला भरवतो आहे. तिला स्वतः जेवता येत नाही म्हणून, की आईला भरवणं हे आपलं कर्तव्य आहे असं त्याला वाटतं म्हणून? आईवडिलांची सेवा हा जिथे संस्काराचा पाया मानला जातो, तिथे नुसतं पाहून गुण देणारी सिस्टर हमखास चुकेल. तिला विचारावं लागेल, थांबून पाहावं लागेल. असं परक्या मोजपट्टीत आपल्या माणसांचं जगणं बसवणं हे चिनी शुश्रूषा-संशोधनातलं एक मोठं काम आहे. ते भाषांतराहून कितीतरी अवघड आहे, आणि त्याला मिळायला हवा तेवढा मान मिळत नाही.

रीत साधारण ठरलेली आहे. इंग्रजी प्रश्नावली एकाने चिनीत आणायची. मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ती परत इंग्रजीत न्यायची. दोन्ही शेजारी ठेवली की अर्थ कुठे सांडला ते दिसतं. पण अर्थ जागेवर असूनही प्रश्न निकामी असू शकतो. प्रकृतीविषयीच्या एका जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रश्नावलीत मध्यम श्रमाची उदाहरणं म्हणून टेबल सरकवणं, व्हॅक्यूम क्लीनर फिरवणं, बोलिंग आणि गोल्फ दिलेलं आहे. भाषांतर बिनचूक करा, तरी हांगचौच्या आजोबांना त्यातून काय कळणार? चिनी आवृत्तीत झाडलोट, ताई-ची आणि साधी कवायत आली, मैलाचे पंधराशे मीटर झाले. कधी नवे प्रश्न घालावे लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या जीवनमानाच्या प्रश्नावलीला चीनमध्ये दोन प्रश्न जोडले गेले: घरातल्या कुरबुरींचा तुमच्या जगण्यावर परिणाम होतो का, आणि भूक कशी आहे. आपल्याकडच्या कोणत्याही आजीला विचारा, प्रकृतीची चौकशी तीही याच दोन गोष्टींपासून सुरू करेल.

मनाच्या दुखण्याची गोष्ट आणखी नाजूक. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ आर्थर क्लाइनमन १९८० साली हूनान प्रांतातल्या चांगशा इथे गेले. ‘मज्जातंतूंचा अशक्तपणा’ असं निदान झालेले शंभर पेशंट त्यांनी तपासले. त्यांतल्या ८७ जणांना पाश्चात्त्य निकषांनी तीव्र नैराश्य होतं. पण त्या लोकांची तक्रार डोकेदुखीची, झोप न येण्याची, गरगरण्याची होती. ‘तुम्ही उदास आहात का’ एवढंच विचारणाऱ्या कागदावर त्यांतले कितीतरी जण सुटून गेले असते. आपणही ‘नैराश्य आलंय’ असं कुठे म्हणतो? जीव घाबराघुबरा होतो, छातीत धडधडतं, अन्न गोड लागत नाही. दुखणं ज्या शब्दांत सांगितलं जातं त्याच शब्दांत ते विचारावं लागतं.

शब्द ठरले की परीक्षा सुरू. जाणकारांचं मंडळ प्रत्येक प्रश्नाला एक ते चार गुण देतं. तीन किंवा चार देणाऱ्यांचं प्रमाण साधारण ०.७८च्या खाली गेलं तर तो प्रश्न सुधारायचा किंवा काढायचा. मग प्रश्नावली पेशंटांकडून भरून घ्यायची आणि दोनेक आठवड्यांनी त्यांच्याकडूनच पुन्हा. मधला काळ असा हवा की पहिली उत्तरं विसरली जावीत, पण आजार बदललेला नसावा. शेवटी क्रोनबाख यांनी १९५१ साली मांडलेला ‘अल्फा’. प्रश्न एकमेकांशी किती सुसंगत आहेत ते तो सांगतो, आणि ०.७ ओलांडला की संशोधक निश्चिंत होतात. माझं मन इथे अडतं. एकच प्रश्न दहा तऱ्हांनी विचारला तरी अल्फा चढतो. प्रश्न सुसंगत असले म्हणजे ते हवी ती गोष्ट मोजतात असं नाही. एकाच इस्पितळात सोयीने सापडलेल्या पेशंटांवर तपासलेली प्रश्नावली दूरच्या खेड्यातल्या शेतकऱ्याला लागू पडेल, हे अल्फा सांगू शकत नाही.

हे काम आता परिचारिका स्वतः करतात, आणि त्याला फार काळ लोटलेला नाही. परिचारिकेसाठी आजचा चिनी शब्द १९१४ साली चोंग माओफांग या लंडनमध्ये शिकून आलेल्या परिचारिकेने सुचवला. त्यातलं पहिलं अक्षर सांभाळण्याचं, दुसरं विद्वत्तेचं. पण पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला शुश्रूषेचं पदवी शिक्षण बंद झालं. ते १९८३ साली थ्येनचिनमध्ये पुन्हा सुरू झालं. १९९२ साली पेइचिंगमध्ये पदव्युत्तर शिक्षण आलं आणि २०११ साली शुश्रूषेला स्वतंत्र विद्याशाखेचा दर्जा मिळाला. शब्दातलं दुसरं अक्षर खरं व्हायला जवळजवळ शंभर वर्षं लागली.

मोजपट्टी चुकली तर काय होतं, ते शांघायमध्ये १९८७च्या सुमारास स्पष्ट दिसलं. झांग मिंगयुआन, अमेरिकेचे रॉबर्ट कॅट्झमन आणि त्यांचे सहकारी ५,०५५ वयस्कर माणसांत स्मृतिभ्रंश शोधत होते. हाताशी होती १९७५ची तीस गुणांची अमेरिकन चाचणी. तीत शंभरातून सात-सात वजा करायचे, एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन काढायचे, एक वाक्य लिहायचं. ज्या बाईने जन्मात पेन्सिल धरली नाही ती पंचकोन काय काढणार? शाळेत न गेलेल्यांचे, त्यातही बायकांचे, गुण धडाधड घसरले. त्यांचं डोकं शाबूत होतं. चाचणी शाळा मोजत होती. म्हणून आजार ओळखण्याची रेघ तीन ठिकाणी आखली गेली: निरक्षरांसाठी १७, प्राथमिक शिकलेल्यांसाठी २०, त्यापुढे शिकलेल्यांसाठी २४. चीनमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या आवृत्तीत वाक्य लिहायचं नसतं, तोंडी सांगायचं असतं.

त्याच चाचणीत ऐकून जसंच्या तसं म्हणायचं एक वाक्य आहे. मूळ इंग्रजी वाक्याच्या जागी चिनीत ‘चव्वेचाळीस दगडी सिंह’ आलं. आपल्या कच्चा पापड, पक्का पापडच्या जातीचं, जवळजवळ सगळं स आणि श यांच्यावर उभं असलेलं. पण शांघायच्या बोलीत उत्तरेकडच्या प्रमाण भाषेतला तो जीभ मागे वळवून काढायचा श नाही. म्हातारी सगळे सिंह स ने मोजते. सिस्टरने गुण द्यायचा की कापायचा? त्यासाठी तिला ती बोली कानाने ओळखता यायला हवी. म्हणून ती पेन खाली ठेवते आणि म्हातारीला तेच वाक्य तिच्या घरच्या बोलीत म्हणायला सांगते.