सर्व्हरचा सातबारा : फाइल सिस्टिमच्या अपग्रेडविषयी गैरसमज आणि वस्तुस्थिती

२०२३च्या डिसेंबरचा पहिला आठवडा चेन्नईकर विसरणार नाहीत. ३ आणि ४ तारखेला मिचौंग वादळाच्या पावसाने शहर बुडालं, ५ तारखेला वादळ आंध्रात बापटलाजवळ किनाऱ्याला लागलं, आणि वेलाचेरी-पल्लिकरणै भागातलं पाणी त्यानंतरही लवकर हटेना. सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या वाट्याला त्याच आठवड्याच्या शेवटी आणखी एक बातमी आली. डेबियन लिनक्सची १२.३ ही आवृत्ती ९ डिसेंबरला यायची होती, ती ऐनवेळी रोखून धरली गेली. तिच्यातल्या ६.१.६४ क्रमांकाच्या कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, एक्स्ट-फोर या फाइल सिस्टिमचा कोड बिघडला होता. एक दुरुस्ती जुन्या कर्नलमध्ये आणली, पण तिच्या जोडीने जी दुसरी यायला हवी होती ती राहिली. परिणाम असा की विशिष्ट पद्धतीने लिहिल्या जाणाऱ्या फाइलींतला मजकूर खराब होऊ शकत होता. दुसऱ्याच दिवशी, १० तारखेला, दुरुस्त कर्नल घालून थेट १२.४ बाहेर पडली.

पाणी ओसरल्यावर मशीन चालू करून ‘राहिलेले अपडेट उरकून घेऊ’ म्हणणारे त्या दिवसांत पुष्कळ असतील. आपण फाइल सिस्टिमला हात लावतोय हे त्यांच्या ध्यानीमनीही नसणार. बहुतेक गैरसमज इथूनच सुरू होतात.

गैरसमज : ‘फाइल सिस्टिमचं अपग्रेड’ म्हणजे एकच काम.

कामं दोन आहेत, आणि ती वेगळी ओळखता आली की निम्मी भीती आणि निम्मा बेफिकीरपणा दोन्ही जातात.

हार्ड डिस्क म्हणजे जमीन असं समजा. कोणता तुकडा कोणाचा, हे जमिनीकडे पाहून कळत नाही. ते तलाठ्याच्या दप्तरात असतं. फाइल सिस्टिम हे ते दप्तर. अमुक फाइल डिस्कच्या कोणकोणत्या तुकड्यांवर आहे, ती कोणाची, कोणाला वाचायची मुभा, शेवटची कधी बदलली, हे सगळं त्यात. आता एक बदल असा की तलाठी बदलला, दप्तर जुनंच राहिलं. कर्नल अपडेट केलं की हे होतं. डिस्कवरची मांडणी तीच, ती वाचणारा-लिहिणारा कोड नवा. दुसरा बदल असा की दप्तराचा नमुनाच बदलला, नवे रकाने आले. एक्स्ट-थ्रीचं एक्स्ट-फोर करणं हे त्यातलं.

पहिला बदल महिन्याला एकदा होतो आणि कोणाला कळतही नाही. तो परत फिरवता येतो. जुन्या कर्नलने मशीन पुन्हा सुरू केलं की झालं. मात्र तेवढ्या वेळात नव्या तलाठ्याने चुकीच्या नोंदी केल्या असतील तर त्या आपोआप पुसल्या जात नाहीत. दुसरा बदल आपण ठरवून करतो, आणि तो सहसा एकतर्फी असतो. एक्स्ट-फोरची नवी मांडणी सुरू केली की ती डिस्क एक्स्ट-थ्री म्हणून पुन्हा लावता येत नाही. झेडएफएस या फाइल सिस्टिममध्येही पूलचं, म्हणजे एकत्र बांधलेल्या डिस्कच्या गटाचं, अपग्रेड केल्यावर जुन्या आवृत्तीचं मशीन तो पूल ओळखेलच असं नाही. बीटीआरएफएसचं रूपांतर करणारं साधन तेवढं जुन्या मांडणीची प्रत बाजूला ठेवतं आणि परतीची वाट उघडी ठेवतं. इतरांकडून ती अपेक्षा धरू नये.

चेन्नईच्या संदर्भात एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकच्या चेन्नई केंद्राने २००७ साली ‘बॉस’, म्हणजे भारत ऑपरेटिंग सिस्टिम सोल्युशन्स, बाहेर काढली. मराठी, तमिळसकट भारतीय भाषा चालवणारी ही प्रणाली डेबियनवर उभी आहे. नाव वेगळं, पडद्यावरचं रूप वेगळं, पण पोटातलं कर्नल आणि फाइल सिस्टिम तीच जगभरची. म्हणून डेबियनच्या सूचना ‘आपल्या नाहीत’ असं समजून कोणी सोडून देऊ नयेत.

गैरसमज : अपग्रेड केलं की सर्व्हर लगेच पळायला लागतो.

मी इथे चेन्नईत काही छोट्या ऑफिसांचे सर्व्हर बघतो. त्यातल्या एका ठिकाणी रात्रभर बसून एक्स्ट-थ्रीचं एक्स्ट-फोर केलं. सकाळी मालकांनी एक मोठी जुनी फाइल उघडून पाहिली आणि विचारलं, “मग फरक काय पडला?” खरं उत्तर होतं, ‘या फाइलीला काहीच नाही.’ ते द्यायला मला थोडा वेळ लागला.

एक्स्ट-थ्री प्रत्येक तुकड्याची वेगळी नोंद ठेवते. तुकडा साधारण ४ किलोबाइटचा, म्हणजे १ जीबीच्या फाइलीला २,६२,१४४ नोंदी. एक्स्ट-फोर सलग पट्ट्याची एकच नोंद करते, ‘इथपासून तिथपर्यंत सगळं हिचं.’ एका नोंदीत १२८ एमबीपर्यंत बसतात, म्हणजे तीच १ जीबीची फाइल सलग असेल तर आठ नोंदींत संपते. गावात जमिनीचं एकत्रीकरण झाल्यावर दप्तर जसं आटोपशीर होतं तसंच. पण रूपांतराची आज्ञा जुन्या नोंदींना हात लावत नाही. जुन्या फाइली जुन्याच पद्धतीने नोंदलेल्या राहतात. नव्याने लिहिलेल्या फाइलींनाच नवी पद्धत लागू होते. खरा फायदा हवा असेल तर नव्या डिस्कवर नवी फाइल सिस्टिम तयार करून सगळं तिच्यावर उतरवावं. मला हाच मार्ग पसंत आहे. त्याचं मोठं कारण वेग नाही. जुनी डिस्क शाबूत राहते आणि रात्री झोप लागते, हे कारण.

एक्स्ट-फोरवरून एक्सएफएस या वेगळ्या फाइल सिस्टिमवर जायचं असेल तर दुसरा मार्गच नाही, जागच्या जागी रूपांतर होत नाही. आणि एक्सएफएस मोठी करता येते, लहान करता येत नाही, हे मोठा भाग आखून टाकण्याआधी लक्षात घ्यावं.

गैरसमज : जर्नल आहे, मग लाइट गेली तरी चिंता नाही.

“करंट पोच्चु!” ही आरोळी चेन्नईत राहणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाच्या कानाला पहिल्या आठवड्यातच ओळखीची होते. जर्नल म्हणजे काय, तर फेरफार नोंदवही. सातबाऱ्यावर बदल करण्याआधी तो फेरफारात लिहायचा; मध्येच काही झालं तर वही पाहून काम पुरं करायचं किंवा सोडून द्यायचं. एक्स्टच्या घराण्यात ही सोय लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये २००१ साली एक्स्ट-थ्रीबरोबर आली. त्याआधी एक्स्ट-टूच्या काळात वीज गेली की सगळी डिस्क तपासत बसावं लागे.

पण फेरफारात मालकी लिहितात, शेतातलं पीक लिहीत नाहीत. नेहमीच्या मांडणीत जर्नलमध्ये दप्तराचे बदल नोंदले जातात, फाइलीतला मजकूर नाही. २००९मध्ये एक्स्ट-फोर नवी होती तेव्हा हे लोकांना फार कडू पद्धतीने कळलं. एक्स्ट-थ्री साधारण दर पाच सेकंदांनी मजकूर डिस्कवर उतरवत असे. एक्स्ट-फोर जागा नेमून देणंच लांबणीवर टाकते, म्हणजे सलग पट्टा शोधायला तिला सवड मिळते. त्या अवधीत मशीन बंद पडलं आणि पुन्हा सुरू झाल्यावर कित्येकांच्या फाइली शून्य बाइटच्या निघाल्या. नावं जागेवर, पोट रिकामं. पुढच्या कर्नलमध्ये त्यावर तोडगा निघाला, तरी न उतरलेला मजकूर वीज गेल्यावर जातो, हे आजही खरंच.

अपग्रेडच्या रात्री तर जर्नलवर मुळीच विसंबू नये. मांडणी बदलणारी आणि तपासणारी साधनं डिस्क वापरातून बाजूला काढून थेट दप्तरावर काम करतात. फेरफार वहीचं संरक्षण तेव्हा नसतं. मोठ्या डिस्कच्या तपासणीला तास लागतात, आणि ऑफिसातला यूपीएस बहुधा मशीन नीट बंद करण्यापुरताच असतो. चेन्नईत वीज मंडळाचं देखभालीचं शटडाउन आधी जाहीर होतं, बहुतेक सकाळी ९ ते दुपारी २. आपल्या भागाचं नाव त्या यादीत आहे का, एवढं आदल्या दिवशी पाहायला दोन मिनिटं लागतात.

गैरसमज : सर्व्हरची फाइल सिस्टिम बदलली की सगळे पीसी बदलावे लागतात.

नाही. विंडोजवाला पीसी साम्बा या नेटवर्कवरून फाइली देणाऱ्या सोयीमार्फत फाइल मागतो. सर्व्हरच्या पोटात एक्स्ट-फोर आहे की एक्सएफएस, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. एनएफएस या तशाच दुसऱ्या सोयीने जोडलेल्या मशीनवर मात्र डिस्क बदलल्यावर जोडणी सोडून पुन्हा करावी लागते, नाहीतर ‘स्टेल फाइल हँडल’ असा निरोप येत राहतो. आणि फाइली नव्या डिस्कवर नेताना परवानग्याही बरोबर न्यायच्या असतात. साध्या कॉपीत त्या मागे राहतात, आणि सोमवारी सकाळी अकाउंट्सचं फोल्डर एकतर सगळ्यांना उघडं किंवा सगळ्यांना बंद.

आपल्या भाषांची एक अडचण मात्र इंग्रजी पुस्तिकांत ठळक नसते. एक्स्ट-फोर आणि एक्सएफएस दोन्हींत फाइलीच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरी आणि तमिळ चिन्हाला तीन. काना, मात्रा, हलंत हे प्रत्येक वेगळं चिन्ह. ‘महाराष्ट्र’ डोळ्यांना चार अक्षरांचं दिसतं, पण मशीनला ती दहा चिन्हं, म्हणजे ३० बाइट. २५५ बाइटच्या मर्यादेत म्हणजे एकूण ८५ चिन्हांतच नाव संपवायचं. विंडोजच्या एनटीएफएसवर हीच मर्यादा २५५ चिन्हांची आहे. त्यामुळे विंडोज सर्व्हरवरून लिनक्सवर येताना ‘दिनांक अमुक रोजीच्या सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त अंतिम सुधारित’ छापाची नावं आणखी लांबून २५५ बाइटच्या पुढे गेली की कॉपीच होत नाहीत. कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फाइली मोजून पाहा.

फोल्डरांचंही असंच. एक्स्ट-थ्रीत एका फोल्डरमध्ये सुमारे ३२,००० उपफोल्डरच मावतात. चेन्नईच्या तरमणीतल्या रोजा मुतय्या ग्रंथालयासारख्या ठिकाणी जुन्या तमिळ पुस्तकांचा संग्रह लाखाच्या घरात आहे. एवढा संग्रह स्कॅन करून ‘एक पुस्तक, एक फोल्डर’ ठेवायचं म्हटलं तर तिसरा हिस्सा होण्याआधीच जुनं दप्तर भरून जाईल. एक्स्ट-फोरने ही अडचण काढली.

गैरसमज : चालतंय ना, मग हात कशाला लावायचा?

हा गैरसमज सगळ्यांत शहाणा दिसतो, आणि अर्धा खराही आहे. एक्स्ट-फोरवर नीट चाललेला सर्व्हर निव्वळ हौसेखातर बदलू नये. पण दप्तर वाचणारा तलाठीच निवृत्त होतो तेव्हा काय? रायझरएफएस एके काळी सुसे लिनक्समध्ये आपोआप निवडली जाणारी फाइल सिस्टिम होती. जानेवारी २०२५च्या ६.१३ कर्नलमधून ती काढून टाकली गेली. एक्सएफएसची जुनी, चौथी मांडणी सप्टेंबर २०३०मध्ये काढायचं जाहीर झालेलं आहे. कपाटात ठेवलेल्या जुन्या डिस्का कोणत्या मांडणीच्या आहेत, हे आजच चिठ्ठी लावून लिहून ठेवलेलं बरं. शिवाय १९ जानेवारी २०३८ला, आपल्या घड्याळात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी, जुन्या मांडणीतला तारखेचा रकाना भरतो. एक्स्ट-फोरच्या मोठ्या, २५६ बाइटच्या नोंदीत २४४६ सालापर्यंतच्या तारखा मावतात. पण एक्स्ट-थ्रीवरून जागच्या जागी रूपांतर केलेल्या जुन्या डिस्कवर नोंदीचा आकार १२८ बाइटचाच राहू शकतो. तो स्वतंत्रपणे तपासावा लागतो.

गैरसमज : बॅकअप आहे.

कुठे आहे? रेड, म्हणजे एकच मजकूर एकाच वेळी दोन डिस्कवर लिहिण्याची सोय, हा बॅकअप नव्हे. चुकीची नोंद रेड इमानेइतबारे दोन्ही डिस्कवर करतं. ३१ जानेवारी २०१७ला गिटलॅब या कंपनीत एका कर्मचाऱ्याने चुकीच्या सर्व्हरवरचं डेटाबेसचं फोल्डर पुसलं, तेव्हा बॅकअपच्या पाच वेगवेगळ्या व्यवस्थांपैकी एकही धड कामाला आली नाही. सुमारे सहा तासांची माहिती गेली. त्यांनी ते स्वतःच जगजाहीर केलं, म्हणून आपल्याला ठाऊक आहे.

आणि चेन्नईत बॅकअपची जागाही विचारात घ्यावी लागते. २ डिसेंबर २०१५ला ‘द हिंदू’चा चेन्नईचा अंक निघू शकला नाही. १८७८पासून पहिल्यांदाच, आणि कारण एवढंच की पुरामुळे माणसं शहराबाहेर मरैमलै नगरच्या छापखान्यापर्यंत पोचू शकली नाहीत. यंत्रं बिघडली नव्हती. तळमजल्यावरच्या सर्व्हरचा बॅकअप त्याच तळमजल्यावरच्या कपाटात ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. रिची स्ट्रीटच्या बाजारातून आणलेली एक जादा डिस्क आणि ती ठेवायला वरच्या मजल्यावरचं घर एवढ्यावर भागतं. अपग्रेडच्या आधी त्या डिस्कवरून चार-दोन फाइली दुसऱ्या मशीनवर उतरवून उघडून पाहाव्यात, एखादी मराठी किंवा तमिळ नावाची नक्की.

मुहूर्ताचं विचाराल तर चेन्नईचा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. त्या तीन महिन्यांत हे काम काढू नका. फेब्रुवारीतला एखादा शनिवार बरा.